चांदीचा मजला

"म्हातारपण गुडघ्यांत नसतं. ते निर्धाराच्या अभावात असतं," असं लाओ थान यांनी जाहीर केलं आणि जोडसायकलवर टांग टाकली.

टांग सीटच्या उंचीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. एक पाय जमिनीवर, एक हवेत, दोन्ही हात हँडलवर, नजर समोरच्या डोंगराच्या सुळक्यावर, अशा अवस्थेत ते सायकलवाल्याच्या अंगणात काही वेळ उभे राहिले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणा सेनापतीचा पुतळा बसवतायत आणि घोडा अजून यायचाय.

त्यांच्या बायकोने, रुइशियाने, सायकल त्यांच्या बाजूला तिरकी केली. हवेतला पाय पलीकडे गेला.

"सीट उंच ठेवलीय," लाओ थान म्हणाले.

"हो ना. लांब टांगांच्या लोकांसाठी असेल," रुइशिया म्हणाली आणि मागच्या सीटवर बसली. कारखान्यात दोघं एकाच पाळीत कामाला लागली होती, त्यामुळे ती नवऱ्याला पहिल्या दिवसापासून अरेतुरे करी आणि चारचौघांत नुसतं 'लाओ थान' म्हणे.

मुलगा हायबो हेल्मेटचा पट्टा आवळत हे बघत होता. डॉक्टर एक्स-रे उजेडात धरतात तसा त्याचा चेहरा झाला होता. सून जिंगयीने त्याला कोपराने ढोसलं. नऊ वर्षांची नात दोउदोउ आपल्या छोट्या सायकलवरून केव्हाच फाटकाबाहेर गेली होती.

बाहेरून बघता ही ऑक्टोबरच्या सुट्टीतली सहल होती. यांगश्वोला यायचं, नदीच्या काठाकाठाने सायकलीवरून वर जायचं, बांबूच्या तराफ्यावरून पाण्याने खाली यायचं, संध्याकाळी मासे खायचे. अर्धा देश तेच करत होता. थान कुटुंबात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की ही परीक्षा आहे, परीक्षार्थी एकच आहे आणि तो नापास झाला तर त्याचं सामान बांधलं जाणार आहे.

त्याचं असं होतं. हंगयांगमधल्या पंपाच्या कारखान्याच्या वसाहतीत लाओ थान चौथ्या मजल्यावर राहत. इमारतीला लिफ्ट नव्हती. बांधली तेव्हा घरं हुद्द्याप्रमाणे वाटली गेली, आणि त्या काळी म्हणायचे, तिसरा मजला सोन्याचा, चौथा चांदीचा. खालची ओल पोचत नाही, वरचं छत तापत नाही. सोनं संचालकांना गेलं. चांदी प्रचार विभागाच्या उपप्रमुखांना, म्हणजे लाओ थान यांना मिळाली. कारखान्याच्या भिंतीवरच्या घोषणा तेच रचत. बॉयलरवर काम करणारे, पहारेकरी वगैरे मंडळी तळमजल्यावर गेली. पुढे कारखाना बंद पडला, संचालक आपापल्या मुलांच्या गावी गेले किंवा वर गेले, घोषणांवर चुना फिरला. चौथा मजला मात्र चौथाच राहिला. "तळमजल्यावरच्या माणसाला जगाचे फक्त गुडघे दिसतात," हे लाओ थान यांचं वाक्य वसाहतीत प्रसिद्ध होतं. तळमजल्यावर तर फारच.

गेली दोन वर्षं मात्र लाओ थान यांना जिन्यात चिकटवलेल्या जाहिरातींची विलक्षण गोडी लागली होती. तुंबलेली मोरी साफ करणारे, हरवलेल्या किल्ल्या बनवणारे, जुने फ्रिज घेणारे, सगळ्यांच्या जाहिराती ते प्रत्येक वळणावर थांबून, कठड्याला धरून, सावकाश वाचत. तळमजल्यावरच्या लाओ न्येने, एकेकाळी बॉयलर सांभाळणाऱ्याने, हे पाहिलं आणि भल्या मनाने हायबोला फोन केला.

हायबोचं म्हणणं सरळ होतं. फोशानला आमच्याकडे या, लिफ्ट आहे, खोली आहे. रुइशियाचं म्हणणं त्याहून जुनं होतं. लाओ न्येच्या सुनेचे कपडे खालच्या ओलीत वाळत नव्हते, तिला वरचं घर हवं होतं, तो कधीही अदलाबदल करायला तयार होता. शिवाय त्याच्या खिडक्या थेट अंगणात उघडत. त्या अंगणात संध्याकाळी वसाहतीतल्या बायका गाणी लावून नाचत, आणि रुइशिया इतक्या वर्षांनी मागच्या रांगेतून सरकत सरकत पुढच्या रांगेत आली होती. लाओ थान यांनी दोघांनाही नकार दिला. फोशानला त्यांचं कुणी ऐकून घेणारं नव्हतं. आणि बॉयलरवाल्याच्या घरात राहायचं तर त्यांना उचलूनच न्यावं लागलं असतं. शरदाच्या पौर्णिमेच्या जेवणात, हातात पेला धरून, त्यांनी घरच्यांना ऐकवलं की दिवसभर सायकल मारू शकणाऱ्या माणसाने जिन्याला भिण्याचं कारण नाही.

"बरं," हायबो म्हणाला होता. "मग मारून दाखवा. दाखवलीत तर फोशानचं नाव काढणार नाही."

आणि घोडामैदान जवळच होतं.

खरं तर लाओ थान यांना एकट्याची सायकल हवी होती. पण दुकानात ऐन वेळी रुइशिया म्हणाली की रस्त्यावर एवढी गर्दी, मला एकटीला भीती वाटते, आपण जोडसायकल घेऊ. लाओ थान यांना बरं वाटलं. बायको इतक्या उघडपणे भ्यायल्याला बरीच वर्षं झाली होती. रुइशियाने वीस वर्षं कारखान्याच्या आवारात सुट्या भागांची तीनचाकी चालवली होती, ट्रकांच्या मधून, पावसात, एकदा तर पोटुशी असताना. पण ती गोष्ट त्या क्षणी तिथे कुणाला आठवली नाही.

पहिला चढ लागला तेव्हा लाओ थान यांनी दात आवळले. उजवा गुडघा आता बोलणार हे ठरलेलं होतं. चढ आला, चढ गेला. गुडघा गप्प. दुसरा चढ आला तेव्हा त्यांनी दात निम्मेच आवळले. तिसऱ्याला ते चक्क बोलू लागले.

"चढ पाहून थांबतो तो वाटसरू, चढ पाहून हसतो तो कामगार," ते मागे वळून म्हणाले. कारखान्याच्या क्रीडादिनासाठी त्यांनीच रचलं होतं.

"पुढे बघ," रुइशिया म्हणाली.

दोन्ही बाजूंना भात पिवळं झालं होतं. कुठूनतरी क्वेइच्या झाडांवरच्या फुलांचा गोड वास येत होता. रस्त्याकडेला म्हाताऱ्या बायका पपनसांचे ढीग लावून बसल्या होत्या आणि जो थांबणार नाही त्याच्या चालीवर शेरे मारत होत्या. त्यातली एक लाओ थानना बघून म्हणाली, "बघा, आजोबा कसे राजासारखे चाललेत." लाओ थान यांनी घंटी वाजवून तो मान स्वीकारला. त्या सायकलची रचना अशी होती की पुढची आणि मागची पायडलं एकाच चेनने फिरत. एकाने फिरवली की दुसऱ्याचीही फिरणार. जोर कुणाचा किती, हे खुद्द सायकललाही सांगता आलं नसतं. मागून त्यांना रुइशियाचा श्वास ऐकू येत होता, चांगला मोठा, खोल. नदीकाठची हवा भरून घेत असेल, असं त्यांना वाटलं. हंगयांगला अशी हवा कुठली.

पुलाअलीकडच्या चढावर त्यांनी हायबोला मागे टाकलं. हायबो दिवसभर खुर्चीत बसून काम करी आणि ते त्याच्या शर्टाच्या बटणांवरून कळत असे.

"थांब जरा, बाळा, दम खा," लाओ थान जाता जाता म्हणाले. "फोशानला लिफ्टची सवय झाली ना."

हायबो हँडलवर वाकून धापा टाकत होता.

तांदळाच्या शेवयांच्या टपरीवर सगळे टेकले. हायबोने बापाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आईचा चेहरा लाल होता, केस कपाळाला चिकटले होते. दमलीस का, असं त्याने विचारलं.

"मी कशाला दमेन? बसून तर आले," रुइशिया म्हणाली आणि दुसरा वाडगा मागवला. एरवी ती पहिल्यातला अर्धा लाओ थानच्या वाडग्यात ओतत असे. लाओ थान यांनी जिंगयीला समजावलं की हवापालटाने भूक खुलते, हे म्हातारपणी फार महत्त्वाचं. जिंगयी हो म्हणाली. तिने आपल्या वाडग्यातलं उकडलेलं अंडं उचलून सासूच्या वाडग्यात ठेवलं. लाओ थान यांना ही सुनेची साधी माया वाटली.

वरच्या धक्क्यावर तराफे लागले होते. एका तराफ्यावर दोन माणसं, मागे आडवी बांधलेली सायकल आणि वल्हवणारा. नारिंगी जाकिटं घालून म्हातारा-म्हातारी बांबूच्या खुर्च्यांत बसली. पुढच्या तराफ्यावर जिंगयी आणि दोउदोउ, त्यापुढे हायबो एकटाच, दोन खुर्च्या व्यापून. वल्हवणाऱ्याच्या कानामागे सिगारेट होती. तो बांबू तळाशी टेकवी, त्यावर रेले आणि नदी मागे ढकली. पाणी इतकं नितळ होतं की तळाचं शेवाळ एका बाजूला विंचरल्यासारखं दिसत होतं.

लाओ थान यांच्यावर आता विजयाची गुंगी चढली होती. त्यांनी बायकोला सांगितलं की ती लाओ न्येची गोष्ट कायमची संपली. गुडघे ठणठणीत आहेत, आज सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. जिन्यात थांबायची ती एक सवय होती, वाचनाची. संध्याकाळी जेवताना आपण चार शब्द बोलणार आहोत, फार नाही. हायबोला लागेल असं काही बोलणार नाही, पण बोलायला तर हवं. सुरुवात कशी करावी यावर ते थोडा वेळ बोलले. शेवट कसा करावा यावर बराच वेळ बोलले.

रुइशियाने बूट काढून पाय बांबूंवर ठेवले होते. बांबूंच्या फटींतून पाणी तिच्या टाचांना लागत होतं.

"तुला काय वाटतं?" लाओ थान यांनी विचारलं.

"वाटतं काय? तुला तुझा मजला हवाय, मला माझं अंगण हवंय," ती डोळे मिटत म्हणाली. "फोशान टळलं ना, झालं तर."

पुढे नदीत आडवा बंधारा होता. वल्हवणाऱ्याने पाय वर घ्या म्हणून हाक दिली. लाओ थान यांनी पाय वर घेतले, खुर्चीचे दांडे धरले. तराफ्याचं नाक खाली गेलं, पाणी फसफसत वर आलं, पुढच्या तराफ्यावरून दोउदोउची किंकाळी ऐकू आली. बंधाऱ्यावर फोटो काढणारा ओरडला, हसा. लाओ थान हसले. पाणी रुइशियाच्या घोट्यांवरून गेलं आणि ओसरलं. तिने पाय हलवले नाहीत. ती झोपली होती.

"तुमची बाई शांत आहे," वल्हवणारा म्हणाला. "काल एकीने इथे माझा कान धरला होता."

दिवसाउजेडी झोपणं रुइशियाला कधी जमलं नव्हतं. लाओ थान तिच्याकडे बघत राहिले. तिच्या पोटरीवर काहीतरी थरथरत होतं. आधी त्यांना वाटलं, छोटा मासा पाण्याबरोबर वर आला. मग दिसलं की मासा कातडीच्या आत आहे. थांबत होता, पुन्हा उडत होता. थंडी वाजत असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आपला टॉवेल काढून त्यांनी तो तिच्या पायांवर घातला. नंतर मात्र त्यांनी भाषणाचा विषय काढला नाही. काढून ऐकणारं कोण होतं?

खालच्या धक्क्यावर उतरताना रुइशिया खुर्चीतून उठली, पुन्हा बसली आणि मग दुसऱ्यांदा उठली. धक्क्यापासून गल्लीपर्यंत थोडा चढ होता आणि गल्लीच्या टोकाला त्यांचं लॉज, ज्याच्या तिसऱ्या मजल्यावर जिंगयीने डोंगर दिसतील अशा खोल्या घेतल्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्या जिन्यात लाओ थान यांनी आग लागल्यास काय करावे ही सूचना प्रत्येक मजल्यावर वाचली होती.

"मी चालत येते," रुइशिया म्हणाली. "पाय मोकळे होतील."

"चाल तू," लाओ थान म्हणाले. "दोउदोउ, ये, बस आजोबांच्या मागे. तुझी सायकल बाबा आणेल."

दोउदोउ उडी मारून बसली. तिचे पाय पायडलांपर्यंत पोचत नव्हते, हवेत लोंबकळत राहिले. हायबोने सायकल तिरकी केली, लाओ थान चढले, घंटी वाजवली आणि पायडल दाबलं.

सायकल हलली नाही.

त्यांनी अंग पुढे टाकून पुन्हा दाबलं. दोन वर्षं जिन्यात जे रोज ऐकलं होतं ते उजव्या गुडघ्याने मोठ्याने ऐकवलं.

"आजोबा, आपण उलटे चाललोय," दोउदोउ म्हणाली.

खरंच, नदीच्या दिशेने थोडे चालले होते. हायबोने मागची सीट धरली. लाओ थान उतरले. आसपास कुणी हसलं नाही, हेच त्यांना विचित्र वाटलं.

"चेन आखडलीय," ते म्हणाले.

चढावर पुढे गेलेली रुइशिया थांबली होती. "पाण्यातून आली ना. आखडणारच," ती वरून म्हणाली. "ढकलत आणा."

हायबोने वाकून पायडल हाताने उलटं फिरवलं. ते लोण्यात फिरावं तसं गरगर फिरलं आणि बराच वेळ फिरतच राहिलं. सगळेच त्याच्याकडे बघत होते.

"हो, बाबा," हायबो म्हणाला. "पार आखडलीय."

पडलो तरी नाक वर ठेवण्याची सवय लाओ थान यांना आयुष्यभराची होती. पण नाक वर केलं की समोरचा चढ दिसत होता आणि चढावर रुइशिया होती. ती दोन्ही हात मांड्यांवर दाबून, एकेक पाऊल उचलून ठेवत चालली होती. असं चालताना त्यांनी तिला पूर्वी पाहिलं होतं. कारखान्याला मोठी मागणी आली की दोन पाळ्या सलग चालत. तीनचाकी लावून ती अशीच वसाहतीत परतायची, आणि चांदीच्या मजल्यावर अशीच चढायची. तेव्हा लाओ थान वरच्या सज्जात उभे राहून नवी घोषणा जुळवत असत.

एका हाताने सायकल ढकलत ते तिच्या मागे गेले आणि बरोबरीला आल्यावर चाल कमी केली. तिने सायकलची मागची सीट धरली. सायकलला दोघांचा आधार झाला की दोघांना सायकलचा, हे सांगणं पुन्हा अवघडच होतं.

संध्याकाळी अंगणात टेबल मांडलं होतं. बियरमध्ये शिजवलेला मासा कढईसकट आला, गोगलगायी आल्या, मिरच्यांचा ठसका सगळ्यांना लागला. दोउदोउ बंधाऱ्यावरचा फोटो सगळ्यांना दाखवत होती. त्यात तिची आजी झोपलेली होती आणि आजोबा परीक्षेत पहिले आल्यासारखे हसत होते. लाओ थान यांनी तो फोटो दोनदा पाहिला आणि उलटा करून ठेवला.

हायबोने पेला उचलला. तो उभा राहिला, आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं.

"ठरल्याप्रमाणे," तो म्हणाला. "बाबांनी सायकल मारून दाखवली. आम्ही सगळ्यांनी बघितली. फोशानचं नाव मी आता काढणार नाही. बाबा जिंकले."

पेले वाजले. रुइशियाने आपला पेला लाओ थानच्या पेल्याला, किंचित खालून, लावला. माशाच्या गालाचा मऊ तुकडा काड्यांनी काढून त्यांच्या भातावर ठेवला. मग सगळे गप्प झाले, कारण आता काय होणार हे सगळ्यांना माहीत होतं. जिंगयीने मुलीला नीट बसायला सांगितलं. भाषण सुरू झालं की मध्ये उठलेलं आजोबांना चालत नसे.

लाओ थान टेबलाला धरून उभे राहिले. खाकरले. पेला छातीशी धरला. वर डोंगर काळे होत चालले होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत कुणीतरी दिवा चालू ठेवला होता. त्यांनी त्या दिव्याकडे, मग खाली जिन्याच्या उघड्या दाराकडे पाहिलं. मग मान वळवून स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या असलेल्या मालकिणीला हाक मारली.

"मालकीणबाई, तळमजल्यावर एखादी खोली रिकामी आहे का?"

रुइशियाच्या काड्या कढईवर थांबल्या.

एक आहे, मालकीण म्हणाली, पण ती स्वयंपाकघराला लागून, थोडी ओल आहे, तिथून डोंगर काही दिसत नाहीत. तुमच्यासारख्यांना ती आवडायची नाही.

"चालेल," लाओ थान म्हणाले आणि खाली बसले. जरा वेळाने त्यांना आणखी काहीतरी आठवलं.

"फक्त खिडकी अंगणात उघडते का, तेवढं बघा."